इंजिनाखालची रबरं

खाणीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना चढ शिकवला तो त्यानेच, म्हणून त्याला मास्तर म्हणत. डिझेल गाडीला दामटायचं नाही, खालच्या गिअरला टाकून तिला तिच्या चालीनं चढू द्यायचं, आणि ती दमायच्या आत गिअर उतरवायचा. कान देऊन ऐका, सांगते ती, असं तो म्हणायचा. आता त्याच्याच कानांनी दगा दिला होता. इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा तर कधीचाच बंद. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! गिअरच्या दांड्यावर तळहात टेकला की थरथर कळायची. बारीक असली तर इंजिन मजेत, जड झाली तर दमलं. तेवढ्यावर तो मजुरांना सुखरूप वर नेत होता.

नव्या साहेबांनी वय झालेल्या ड्रायव्हरांची चाचणी ठेवली. नापास झाला तो घरी. या वयात मास्तरला दुसरं काम कोण देणार? कानाचं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिनं बिचारीनं भावाला एवढंच म्हटलं की यांची परीक्षा आहे, गाडीकडे जरा बघ. भाऊ खाणीच्या गॅरेजातला मेकॅनिक, आणि जीव लावणारा. त्यानं सुट्टीच्या दिवशी खपून इंजिनाखालची, त्याचे हादरे झेलणारी झिजलेली रबरं बदलून टाकली.

चाचणीच्या दिवशी साहेब शेजारी बसले. चढाला लागल्यावर मास्तरनं दांड्यावर हात ठेवला, तर दांडा गप्प. त्याला वाटलं, इंजिन मजेत आहे. वळणावर गाडी आचके देत बंद पडली. घाबरून त्यानं पुन्हा सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबतच गेला. चाकं जागीच फिरली, खडी उडाली, खालचे मजूर माना वर करून बघू लागले. साहेब काहीतरी बोलले. मग त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तोंड समोर आणून विचारलं, "ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

चावी त्यानं स्वतःच काढून दिली.

तो पायी खाली आला. गॅरेजच्या दारात मेहुणा हात पुसत, हसत उभा होता. त्याचे ओठ मास्तरला वाचता आले. "काय भाऊजी, हलते का आता गाडी?"

"नाही रे. अजिबात नाही हलत."

मेहुण्याचा चेहरा फुलला. तो पुढचं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर पाठ फिरवून नळावर हात धुवायला वाकला.