दुसऱ्या कॅसेटीतली मोकळी जागा

सास्तूरच्या मच्छिंद्रची पयली कॅसेट गाजली, आन् तिथनंच त्याच्या गायन पार्टीला उतरती कळा लागली. लोकं म्हणायची, पाच माणसं बोलवा, गाडी जुपून धाडा, भाकरी घाला, एवढा कुटाणा कशाला? कॅसेट हाय की. पंधरा वर्षं जयंतीला, लग्नाला गाऊन गाऊन पिकलेली गाणी त्यानं एका दुपारी त्या पट्टीत वतून दिली व्हती. गडी रिकामा झाला.

आता दुष्काळाचं साल. समदी पार्टी पाझर तलावाच्या कामावर माती वहात व्हती, आन् सोलापूरच्या कॅसेटवाल्या आण्णासाहेबाचा सांगावा आला, दुसरी कॅसेट करायची. मच्छिंद्रनं डोक्यावर पाटी घिऊन सात गाणी जुळवली. पर ती कच्ची व्हती, हे त्याचं त्यालाच ठावं. कुण्या गावानं ऐकली न्हाईत, कुण्या म्हाताऱ्यानं मधीच थांबवून "हे बरं न्हाय जमलं" म्हनलं न्हाय. असं गाणं पिकावं कसं?

रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकलेल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. ढोलकीवाला दगडोबा घामानं निथळत व्हता, मच्छिंद्रच्या घशात तलावाची धूळ बसलेली, आन् झील धरणारी त्याची बायको मालनबाई दोन गाण्यांच्या मधी भिंतीला टेकून डुलकी काढत व्हती. आण्णासाहेबानं सात गाणी ऐकली. वाईट म्हनला न्हाय, चांगलंबी म्हनला न्हाय.

"शाहीर, ते घागरीचं परत घ्या," म्हनला. "त्याच्यावरच कॅसेट खपंल."

घागरीचं गाणं म्हंजी जिथं आपल्याला शिवू देत नव्हते त्या गावाच्या हिरीवर आपल्या लोकातनं पयली घागर कुणी भरली, त्या बाईचं. 'पयली घागर कुणी भरली, भरली' असं दर कडव्याला म्हणून मच्छिंद्र थांबायचा आन् त्या गावच्या बाईचं नाव घ्यायचा. गावात पाय टाकला की आधी चौकशी तीच. पयल्या कॅसेटीत सास्तूरच्या मुक्ताबाईचं नाव गेलं. पुढं उमरग्याकडच्या एका गावात त्यानं तिथल्या सिताबाईचं नाव घेतलं. म्हातारी म्होरंच बसलेली, काठी धरून. पोरं वरडली, चुकलं, तिथं मुक्ताबाई हाय, कॅसेटीत तसंच हाय. समदी हासली. सिताबाईनं पदर पुढं वढला आन् गाणं सरायच्या आत उठून गेली. ते मच्छिंद्रच्या जिवाला लागलं व्हतं.

तवा तो म्हनला, गातो, पर नाव घ्यायचा न्हाय. जागा मोकळी सोडणार. निस्ती ढोलकी वाजंल.

आण्णासाहेबानं कपाळाला हात लावला. लोकं म्हणतील पट्टी खराब हाय, माल परत माझ्या दारात. कुठलंबी नाव घाला. दगडोबाबी वैतागला. म्हनला, आरं, माझ्या सासूचं घाल, जिती हाय तवर खुश तरी हुईल.

मालनबाई जागी झाली. "अवो, घ्या की माझं, आन् चला घरला. उंद्या कामावर हजेरी हाय."

मच्छिंद्रला भांडायचंबी त्राण नव्हतं. खाली बसून तो हळूच म्हनला, "एक नाव घातलं की बाकीच्या बाया पुसल्या जात्यात, आण्णासाहेब. ऱ्हाऊ द्या मग कॅसेट."

आण्णासाहेबानं घड्याळ बघितलं. खोली सांजंपतूरच भाड्यानं घेतलेली. शेवटी त्यानं मशीन चालू केली.

दोन म्हयन्यांनी मच्छिंद्र आन् दगडोबा लोहाऱ्याच्या जीपच्या थांब्यावर हाटेलात बसले व्हते. हाटेलवाल्यानं नवी कॅसेट लावली. त्यांना कुणी वळखलं न्हाय. घागरीचं गाणं लागलं. 'भरली' म्हनून आवाज थांबला तसा हाटेलवाल्यानं टेपला थाप मारली. दुसऱ्या कडव्याला परत थाप. म्हनला, भिकार निघाली, पट्टी ताणलीया. दगडोबा सांगायला उठत व्हता, मच्छिंद्रनं त्याला धरून खाली बसवलं.

तिसऱ्या कडव्याला जीपची वाट बघत बसलेली एक बाई बोलली. पायाला चिखल वाळलेला, मांडीवर रिकामी पाटी.

"कडूबाई," म्हनली. थांबलेल्या जागंत नेमकं.

"कोण वो कडूबाई?" हाटेलवाल्यानं इचारलं.

"माजी आय. मार खाल्ला तिनं त्या घागरीपायी, पर घागर सोडली न्हाय."

ती सांगाया लागली. टेपचा आवाज आड येत व्हता. हाटेलवाल्यानं चहा गाळता गाळता एक हात लांब केला, मच्छिंद्रचा आवाज पार बारीक केला, आन् म्हनला, "हां, बोला मावशी."