उपडा पेला

मुलांच्या वर्तनाला वळण लावणाऱ्या एका केंद्राने परवाना मंडळाला सादर केलेल्या निवेदनात एक वाक्य ठळक अक्षरांत छापलेले आहे: "सदर बालिकेच्या पायास झालेली इजा ही प्रशिक्षिकेच्या वैयक्तिक अनवधानामुळे झाली असून, पात्र वर्तन-विश्लेषकांमार्फत होणाऱ्या पर्यवेक्षणात कोणतीही त्रुटी नव्हती."

वाक्य देखणे आहे. इजा 'झाली', जशी संध्याकाळ होते. बुटाच्या टाचेतून वर आलेला खिळा आणि त्यावर दिवसभर निमूट चाललेली मुलगी, या दोन्ही गोष्टी 'सदर' या एका शब्दाखाली व्यवस्थित दडपल्या गेल्या आहेत. 'अनवधान' ज्या तरुण प्रशिक्षिकेच्या माथी मारले आहे, त्या दिवशी खोलीत अवधान होते ते फक्त तिलाच. त्रुटी नव्हती म्हणणाऱ्याने त्रुटी शोधली कुठे, हे निवेदन सांगत नाही. त्यात एकच शब्द निखळ खरा आहे, तो म्हणजे 'पात्र'.

पर्यवेक्षण करणाऱ्या बाई खरोखरच पात्र होत्या. पदव्युत्तर शिक्षण, ज्येष्ठांच्या हाताखाली काढलेली उमेदवारीची वर्षे, भल्याभल्यांना घाम फोडणारी परीक्षा, इतरांवर देखरेख करण्यासाठीचे वेगळे प्रशिक्षण, व्यवसायनीतीचे वर्ग. सगळे यथासांग झालेले. नव्या उमेदवारांना त्या पहिल्याच तासाला सांगत की मुलाचे प्रत्येक वर्तन काहीतरी मागत किंवा नाकारत असते. ते मोडण्याआधी ते काय म्हणते आहे ते ऐका, आणि त्याच्या जागी दुसरे काही शिकवल्याशिवाय त्याला हात लावू नका. उमेदवार हे लिहून घेत. पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले, अशी सबब म्हणूनच उपलब्ध नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाला ते जमलेच नसते.

मुलीला घरी ठकी म्हणत. ती बोलत नसे. नको असलेली गोष्ट ती उपडी करी. दूध नको असले की पेला उपडा, खेळ पुरे झाला की डबा उपडा. मोजे टोचत असले की बूट उलटा करून तळवा आभाळाकडे. पेला कधी रिकामा असे, कधी भरलेला. भरलेला असला की घरातले फडके शोधत. एकदा आत्याने आग्रहाने वाढलेली वाटी तिने आत्याच्याच मांडीवर उपडी केली, तेव्हा लुगडे झटकत आत्या म्हणाली होती की निदान ही तोंडावर तरी सांगते, बाकीचे मी गेल्यावर सांगतात. घरात स्पष्टवक्ती काय ती ठकी एकटीच, असे तिचे वडील चारचौघांत सांगत, आणि त्यात थट्टेपेक्षा अभिमान जास्त असे.

शाळेला मात्र अशी स्पष्टवक्ती नको होती. वस्तू उपड्या करणे थांबले तरच प्रवेश, असे शाळेने कळवले आणि आई-वडील केंद्राच्या दारात आले. बाईंनी आराखडा आखला. ठकीने वस्तू सरळ ठेवली की आवडता रंगीत भोवरा आणि 'शाबास'. उपडी केली की कोणी तिच्याकडे पाहायचेही नाही, आणि तीच वस्तू पुन्हा सरळ करून समोर. नको म्हणण्याची दुसरी खूण आधी शिकवायला हवी होती. तिला वेळ लागला असता, आणि शाळेचे वर्ष थांबणार नव्हते. आराखड्याने काम केले. ठकीचा हात वस्तूकडे जाई, अर्ध्यावर थांबे, मांडीवर परत येई आणि दुसरा हात त्यावर बसे. केंद्राच्या बैठकीत टाळ्या वाजल्या.

प्रत्यक्ष शिकवण्याचे काम प्रशिक्षिकेचे होते. ती नवी होती, मन लावून काम करणारी, आणि तिच्या उमेदवारीच्या प्रत्येक टप्प्यावर बाईंची सही लागणार होती. बाई बसत काचेमागे. तिकडून खोली दिसे, खोलीतून त्या दिसत नसत. प्रशिक्षिकेच्या कानात एक इवलेसे यंत्र असे आणि बाईंच्या सूचना थेट त्यात येत. घरी नवऱ्याशी भांडतानाही बाईंचा आवाज कानात येतो, असे केंद्रातल्या मुली आपसांत म्हणत. हसणाऱ्यांत ही प्रशिक्षिकाही असे.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. सकाळी ठकी चपला घालून केंद्रात आली. मोचीकडून नवी टाच ठोकून आणलेले बूट आईने पिशवीत दिले होते. बूट स्वतः घालायचे आणि शेजारच्या शाळेत चालत जायचे, एवढाच त्या दिवसाचा पाठ. पहिला बूट गेला. दुसऱ्यात ठकीने पाय घातला, काढला, आणि तिचा हात बुटाच्या तळव्याखाली गेला. प्रशिक्षिका थांबली. तिने काचेकडे पाहिले. मग कानात काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली आणि बूट सरळ करून पुढे सरकवला. ठकीने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि बूट घातला. "शाबास," प्रशिक्षिका म्हणाली. तसा नियमच होता.

संध्याकाळी आई न्यायला गेली तेव्हा वर्गशिक्षिकेने इतकी शांत मुलगी पाहिली नसल्याचे सांगितले. मोजा घरी उतरवताना तो पायाला चिकटलेला होता. पुढे जखम चिघळली, पू हाडापर्यंत पोचला, आणि ठकीला रुग्णालयात ठेवावे लागले.

बाई भेटायला गेल्या. जाणे रीतसर होते, आणि न जाणे त्यांना जमलेही नसते. त्या खाटेशी उभ्या असताना परिचारिका कडू औषधाचा पेला घेऊन आली. ठकीने पेल्याकडे पाहिले, उजवा हात जरासा उचलला, परत मांडीवर ठेवला, आणि तोंड उघडले.

"काय गुणाची पोर आहे हो," परिचारिका म्हणाली. "कोणी लावलंय एवढं वळण?"

आईने बाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात आरोप असता तर बाईंना त्याचे उत्तर देता आले असते. त्या माऊलीला खरोखरच वाटत होते की वळण लावल्याबद्दल अजूनही आभारच मानायला हवेत.

त्यानंतर बाईंच्या घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. धुतलेले पेले त्या उपडे घालीनात. ओट्यावर सगळे सरळ उभे, प्रत्येकाच्या तळाशी पाणी साचलेले. नवऱ्याने दोन दिवस पाहिले आणि मग विचारले, "अगं, निथळणार कसे ते?" राहू देत, एवढेच त्या म्हणाल्या. तो उपडे करून झोपायला गेला की त्या उठून पुन्हा सरळ करीत. वर्तनाचे कारण शोधण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना या वर्तनाचे कारण शोधावे लागले नाही.

मंडळापुढच्या सुनावणीआधी केंद्राच्या संचालकांनी त्यांना खोलीत बोलावून घेतले. कानातल्या यंत्रातले बोलणे कुठेही साठवले जात नाही, हे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. विचारतील तेवढेच बोला, हेही सांगितले. प्रशिक्षिका दोषी ठरली तर तिला या क्षेत्रात पुन्हा पाऊल ठेवता येणार नव्हते. त्यावर संचालकांनी हळहळ व्यक्त केली. तरुण आहे, दुसरे काहीतरी बघेल, असा त्या हळहळीचा शेवट होता.

बाहेर बाकावर प्रशिक्षिका बसली होती. बाई दिसताच ती उठून उभी राहिली.

"मॅडम, कानातल्याचं मी कुणाला बोलले नाहीये," ती हळूच म्हणाली. "तुम्ही शिकवलं होतंत ना, बाहेरच्यांसमोर आपला सगळ्यांचा आवाज एकच आला पाहिजे म्हणून."

आणि ती थांबली. तिने मान किंचित वर केली, भुवया जराशा उचलल्या. पाठ बरोबर म्हणून दाखवल्यावर माणूस थांबतो तशी. बाईंच्या ओठांवर 'शाबास' आले. सवयीने आले, जिभेच्या टोकापर्यंत आले, आणि त्यांनी ते गिळले.

सुनावणीत मंडळाचे अध्यक्ष प्रशिक्षिकेला विचारत राहिले. बूट आतून का पाहिला नाही? माझं चुकलं. मुलीने बुटाखाली हात घातला तेव्हा थांबलात की नाही? थांबले होते. मग पुढे का गेलात? तिचा हात टेबलाची कड धरायला गेला, अर्ध्यावर थांबला, मांडीवर परत आला, आणि दुसरा हात त्यावर बसला.

"माझं चुकलं सर," ती म्हणाली.

बाई ते हात पाहत होत्या. तो आराखडा त्यांनी एका मुलीसाठी आखला होता. तो दोघींवर लागू झाला होता, आणि दुसरीच्या बाबतीत तर भोवराही लागला नव्हता. अध्यक्षांनी कागद आवरायला घेतले आणि शिष्टाचार म्हणून विचारले की पर्यवेक्षकांना काही सांगायचे आहे का. संचालकांनी समोरच्या पेल्यातले पाणी घेतले. बाई उभ्या राहिल्या. त्या जे बोलल्या ते मंडळाच्या लेखनिकाने शब्दशः टिपले आहे, आणि त्याला कोणत्याही टीकेची गरज नाही:

"ती थांबली होती, कारण ती शहाणी आहे. पुढे गेली, कारण मी तिच्या कानात म्हटलं, 'थांबू नकोस, घालून घे.' ठकीचा हात बुटाखाली गेलेला मला काचेमागून स्वच्छ दिसला होता. तो हात काय म्हणतोय तेही मला कळलं होतं. पहिल्या भेटीतच तिची आई मला म्हणाली होती, 'आमच्याकडे उपडं म्हणजे नको.' ते मी लिहून घेतलं नाही. लिहिलं असतं तर ते ठकीचं बोलणं ठरलं असतं, आणि मग मला ते काढून टाकता आलं नसतं."