बाकीची दाढी पडताळणीनंतर

सरकारने साबणावरचा कर वाढवला, तेव्हा न्हावी गप्प राहिला. पण त्याच्या आईची पेन्शन निम्मी केली आणि बाकीची म्हणे पडताळणीनंतर, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. निम्म्या पेन्शनीत आईची औषधं कशी बसायची?

नेमका पेन्शन कचेरीतला कारकूनच दाढीला आला. न्हाव्याने त्याचा एक गाल गुळगुळीत केला आणि वस्तरा पुसून ठेवला.

"अहो, दुसरा गाल?"

"पडताळणीनंतर, साहेब."

कारकून फेसातून कळवळला. "मी हुकमाचा ताबेदार हो. सगळं वरून येतं."

कोपऱ्यात नाम घेत बसलेल्या आईला त्याची दया आली.

"लेकरा, गरिबाला असा टांगून ठेवू नकोस. पुरी कर त्याची," ती म्हणाली. "आणि वरचे साहेब दाढीला कुठे बसतात, तेवढं विचारून घे."