फवाऱ्याच्या डब्यांचं दुकान

त्या साली आमच्या तांड्यावरची कपाशी एवढी उंच वाढली की उंट आत शिरला असता तर शोधाले दवंडी द्या लागली असती. बरं, उंट सोडा. पण माणूस खरंच दिसत नव्हता. नुसता कीडमार औषधाच्या फवाऱ्याचा धूर दिसे, अन् वास थेट अंगणवाडीत येऊन बसे.

मी जमनी, तिथली मदतनीस. खिचडी शिजवणं, नाकं पुसणं अन् गप्पा ठोकणं हे माह्यं काम. यवतमाळच्या कॉलेजातून मिताली बाई पंधरा दिवस शिकवाले आली. पहिल्या दिवशी चौदा लेकरं एकदम रडली, तर बाईच्याही डोळ्यात पाणी. मंग म्या माह्या मामाच्या बैलाची गोष्ट सांगतली, जो बंद पडलेली यष्टी आर्णीपर्यंत ओढत नेई. सारे चुप.

तिसऱ्या दिवशी बाई बोलली, "उद्या घरून रिकामे डबे, बाटल्या आणा. आपण दुकान मांडू."

कॉलेजात तसंच शिकवत. पण तिच्या घरी रिकामा डबा म्हणजे बिस्किटाचा. आमच्या घरी काय रिकामं होते, ते तिले कसं ठाऊक?

सकाळी लेकरं आली. लाल झाकणाचे, निळे, कवटीचं चित्र असलेले. बबलूच्या तर काखेत दोन.

"फेका! जहर हाय त्याच्यात!" मी ओरडली.

"आजी, मंग बैलानं पेलं का?" बबलू खिदळला. बाकीचे टाळ्या पिटू लागले.

"आजी, गंमत पुरे," मिताली बाई बोलली. "रिकामेच आहेत ते."

"चित्र पाह्य ना बाई."

तिनं पाह्यलं. तोंड पांढरं पडलं तिचं.

लेकरं काही ऐकेनात. मंग म्या म्हणलं, "त्याच्यात शेपटीवाला मुंगळा हाय. चावला का माणसाले शेपूट फुटते!" धडाधड डबे खाली. दोन डाव साबणानं हात धुतले साऱ्यांचे.

तवा फुलसिंगची ममता, चार वर्षाची, बोलली, "आमच्या घरी याच्याहून मोठा हाय. पेयाच्या पाण्याचा. त्याच्यात मुंगळा नाई."

बाईनं तिच्यापुढं बसून विचारलं, "पोट दुखतं का गं?"

"रोजच दुखते."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ममताची माय मानीबाई लय खूश झाली. शहरातली बाई दारात! कोपऱ्यातल्या निळ्या डब्यातून पेला भरून तिनं पुढं केला.

मिताली बाईनं पेला घेतला अन् जमिनीवर ठेवला. "ताई, हे पाणी मुलीला देऊ नका."

"काहून? राखेनं तीन डाव घासला म्या तो डबा."

"घासून जात नाही ते."

"मानी, खरं सांगून राह्यली बाई," मी बोलली.

"तू चुप राह्य, जमनी. तुह्या बैलासारखंच खरं ना?" मंग बाईकडं पाहून म्हणते, "सरळ सांग ना, तांड्यावरचं पाणी चालत नाई तुले."

"तसं नाही हो, ताई..."

मानीबाईनं पेला उचलला अन् ममताच्या हाती देला. "पे गं. आपल्याले चालते."

मिताली बाई झेपावली. तोवर पोरीनं घटघट अर्धा पेला खाली केलता, आमच्याकडं पाहत पाहत. मानीबाईनं आम्हाले हात धरून अंगणात काढलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत ममताचं नाव आलं. कोणीच हजर म्हणलं नाई. बाईनं पुन्हा घेतलं. मंग चपला न घालताच ममताच्या घराकडं निघाली. अंगणवाडीच्या सेविकाबाईले लेकरं सोपवून मी तिच्या मागं.

दार लावेल व्हतं. आत लेकरू ओकून राह्यलं व्हतं.

"मानी, उघड! हे गप्पा नाई वं!"

"जा तुम्ही दोघी. उलटीच हाय, थांबन." मानी आतूनच बोलली. "डब्यातलं पाणीच देऊन राह्यली मी तिले."

मिताली बाईनं पदर खोचला अन् दाराले खांदा लावला.