बर्फाच्या मधोमध सोडलेली खुर्ची

मी एक जुनी, स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुर्चीचं काम लोकांना बसवून घ्यायचं. पण आमच्या हॉलंडमध्ये हिवाळ्यात खुर्चीला आणखी एक नोकरी असते. स्केट्स घालून बर्फावर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस आमची पाठ धरतो आणि आम्हाला पुढे ढकलत शिकतो.

म्हणूनच सुताराने माझी पाठ मुद्दाम उंच केली. गोठलेल्या कालव्यावर आमच्या घरची मुलगी आफके आणि तिची बहीण यांत्ये माझ्याच मागे शिकल्या. पुढे आफके अशी तरबेज झाली, की तिला कोणी गाठू शकत नसे. मग हिवाळे उबदार होत गेले, कालवा गोठेनासा झाला आणि मी परसातल्या खोपटात रंगाचे डबे अंगावर घेऊन बसले. फार वाईट दिवस होते ते.

गेल्या वर्षी आफके सायकलवरून पडली. साठी उलटलेली बाई, खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती मुक्कामाला राहिली. नाताळच्या सुट्टीत आमच्या डेव्हेंटर शहराच्या जुन्या चौकात, पूर्वी बाजाराचा माल तोलत त्या वजनघरासमोर, कृत्रिम बर्फाचं मैदान तयार झालं. आफके रोज कठड्याशी वाटाण्याचं सूप घेऊन बसायची आणि इतरांना बघत राहायची. आत उतरायची तिची छाती होत नव्हती.

शेवटी यांत्येने मला पुसलं, सायकलला बांधलं आणि थेट चौकात आणलं.

"अगं, लाज काढशील माझी!" आफके म्हणाली.

"सूप पिऊन पिऊन वाटाणा झालीस, त्याची नाही वाटत लाज? ऊठ!"

फाटकाशी रखवालदार आडवा आला. "मावशी, खुर्ची नाही चालणार. धरून शिकायला प्लास्टिकचे सील प्राणी आहेत ना भाड्याने."

"तुझा सील माझ्या जेमतेम गुडघ्यापर्यंत येतो," आफके पुटपुटली. "वाकले तर पुन्हा मोडेन."

यांत्येने कमरेवर हात ठेवले. "तू कशामागे शिकलास रे?"

तो कान खाजवत म्हणाला, "आईच्या खुर्चीमागे." त्याने मला उलटं करून पायांना खिळा तर नाही ना, ते पाहिलं आणि फाटक उघडलं.

आफकेने स्केट्स चढवले आणि माझी पाठ इतकी घट्ट आवळली, की माझे सांधे करकरले. मी डगमगले नाही. पहिली फेरी रडतखडत झाली. दुसऱ्या फेरीत तिचा श्वास संथ झाला, बोटं सैल पडली. आणि मधोमध आल्यावर तिने मला सोडून दिलं!

ती गेली, मित्रांनो! हात पाठीमागे बांधून, वाऱ्यासारखी गेली. कठड्यावरचे लोक टाळ्या वाजवू लागले, यांत्ये तर ओरडून ओरडून रडत होती. मी एकटीच बर्फात उभी होते आणि त्या क्षणी जगातल्या कुठल्याही सिंहासनाचा मला हेवा वाटला नसता. वळण घेऊन आफके भरधाव माझ्यावरच आली. "बाजूला हो गं बाई!" म्हणत हसत निसटली.

मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, कामाला लावा. आणि काम झालं की खुशाल सोडून पुढे जा. आम्हाला त्याचं दुःख नसतं, आम्ही त्याचसाठी घडलेलो असतो.