गाईची सावली

"खोपट आहे, ते दिसतंय मला," बंदराचा साहेब म्हणाला. "कधीपासून आहे, ते विचारतोय."

"माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी बांधलं," जाळेवाली मावशी म्हणाली.

"लग्न कधी झालं?"

"खोपट बांधलं त्याच्या आदल्या वर्षी."

धक्क्यावरची माणसं हसली. साहेबाला काही हसू आलं नाही. नवा नियम आला होता. धक्क्यावरचं जे बांधकाम वीस वर्षांपूर्वीचं, ते राहील, त्यानंतरचं पाडायचं. बाकीच्यांकडे कसले ना कसले कागद होते. मावशीकडे होतं ते फक्त खोपट. फुटक्या होड्यांच्या फळ्या, वर पत्रा, आणि जाळ्यांना डांबर द्यायची चूल होती तिचं वाकडं धुराडं. नवरा गेल्यावर तिथंच बसून तिनं गावाची जाळी सांधली, दोन मुली उजवल्या. ते खोपट गेलं की घरी बसून काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

"सगळं गाव साक्ष देईल की," ती म्हणाली.

"गाव एकमेकांची साक्ष देणारच. त्या काळचं काहीतरी दाखवा. फोटो, कागद, काहीही. शुक्रवारी सकाळी येतो."

त्या काळी फोटो काढायला तालुक्याला जावं लागायचं, आणि तिथं जाऊन कुणी खोपटाचा फोटो काढत नसे. मावशी तशीच बसून राहिली. मग एकदम उठली, कमरेला पदर खोचला आणि चिताऱ्याच्या घराकडे निघाली.

चितारी म्हणजे तिच्या नवऱ्याचा दोस्त. पोटासाठी होड्यांवर नावं रंगवायचा आणि हौसेसाठी चित्रं काढायचा. बंदर, खाडी, पलीकडची शेतं, खळी, सगळं. चित्राचं तिकाटणं मांडून बसला की गावातली कुत्रीसुद्धा वळसा घालून जायची. फक्त त्याला एक खोड होती. समोर दिसेल ते सगळं तो काढायचा नाही. एकदा त्यानं एका शेतकऱ्याची विहीर चित्रात शेजारी भावाच्या बांधापलीकडे नेली. तिकडे जास्त शोभते म्हणाला. ते चित्र बघून दोघं भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

"भावजी, तुमची बंदराची जुनी चित्रं काढा," मावशी दारातूनच म्हणाली. "सगळी."

चितारी हरखला. आपण होऊन चित्रं बघायला आलेलं माणूस त्यानं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याची बायको मात्र हसून म्हणाली, "सगळी म्हणजे दुपार जाईल बाई. माळ्यावर आहेत, कांद्यांच्या खाली आहेत, एक पिठाच्या डब्यावर आहे आणि दोन खुराड्याला लावलीत."

"खुराड्याला?" चितारी ओरडला.

"वारा लागत होता कोंबड्यांना."

चित्रं निघाली. प्रत्येकाच्या पाठीवर तारीख होती, वेळ होती, वारा कुठला ते होतं. मावशीचा जीव हलका झाला. तिनं पहिलं चित्र उजेडात धरलं. धक्का होता, बर्फाचं गोदाम होतं, होड्या होत्या. खोपटाच्या जागी नुसती वाळू.

दुसऱ्यात खोपटाच्या जागी झुडूप. तिसऱ्यात उलटी ठेवलेली होडी. चौथ्यात दोन बायका टोपल्या घेऊन उभ्या, आणि त्याही कुणी ओळखीच्या नव्हेत.

"भावजी," मावशी शांतपणे म्हणाली. ती अशी शांत झाली की गावात लोक पळायला चपला शोधायचे. "माझं खोपट कुठंय?"

चिताऱ्यानं चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "त्याचं काय आहे वहिनी, तो पत्रा नजरेत खुपतो. सगळं बंदर एकीकडे आणि तो पत्रा एकीकडे. म्हणून मी आपला..."

"म्हणून तुम्ही माझं घरदार उचलून झुडूप लावलंत!"

"चित्रात फक्त."

"साहेब येतोय तो चित्रातलंच खरं धरायला! तो शुक्रवारी पाडणार, तुम्ही तर किती वर्षं आधीच पाडून ठेवलंय. यांच्याबरोबर एका ताटात जेवलात ना हो? त्याच खोपटात?"

चितारी पसरलेली चित्रं गोळा करायला लागला. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की तो आणखीच आक्रसला.

मावशी तांब्या तोंडाला लावायला गेली आणि तिची नजर वर गेली. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक चित्र होतं. घरातलं एवढंच चौकटीतलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला चितारी ते दाखवायचा आणि म्हणायचा, परीक्षकांनी गाईची फार तारीफ केली. सकाळचं बंदर, आणि बर्फाच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपुढे एक तांबूस गाय उभी.

"ही गाय कुणाची?" मावशीनं विचारलं.

"कुणाची नाही. मनातली."

"माझ्या खोपटावर उभी आहे ती." ती खुर्चीवर चढली. चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली. मग खुर्चीवरूनच म्हणाली, "भावजी, तुमच्या गाईला धुराडं आहे?"

"काय?"

"मागं भिंतीवर सावली बघा. गाईची सावली चौकोनी असते का? वर उतरतं छप्पर असतं का? आणि हे वाकडं नळकांडं? हे यांनीच वाकडं बसवलं होतं. उद्या सरळ करतो म्हणत गेले."

तिघंही बघत राहिली. इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यानं ती गाय बघितली होती. सावलीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

"सावली मी समोर बघून काढली," चितारी हळूच म्हणाला. "गाय नंतर घातली. सावलीत मी कधी लबाडी करत नाही."

चित्र उतरवलं. पाठीवर सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख, सकाळचे साडेआठ, आणि शेजारी प्रदर्शनाचा गोल शिक्का.

शुक्रवारी साडेआठला अख्खं गाव धक्क्यावर हजर होतं. साहेबानं चित्र दोन्ही हातांत धरलं. एकदा चित्राकडे, एकदा गोदामाच्या भिंतीकडे, असं कितीतरी वेळ चाललं. भिंतीवर खोपटाची सावली पडली होती. उतरतं छप्पर, वाकडं धुराडं.

"वीतभर सरकली आहे," साहेब म्हणाला.

"महिना वेगळा आहे साहेब," चितारी चटकन म्हणाला. "सूर्य सरकतो. खोपट सरकलेलं नाही."

"ते ठीक. पण चित्रात खोपट नाही, गाय आहे. मी कागदावर काय लिहू? गाय खरी की सावली खरी? दोन्ही खरं धरता यायचं नाही. तुम्ही लिहून द्या."

चिताऱ्याचा चेहरा उतरला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. आयुष्यात मिळालेलं एकुलतं एक बक्षीस, तेही गाईला. मावशीनं पदर तोंडाशी धरला होता.  

"आणा कागद," चितारी म्हणाला.

त्यानं लिहिलं, आणि साहेबानं ते मोठ्यानं वाचलं: "सदर चित्रातील गाय खोटी आहे. ती मी घातली. त्या जागी जाळेवाल्या वहिनींचं खोपट होतं व सावली त्याचीच आहे."

"गाय मेली रे!" मागून कुणीतरी ओरडलं. धक्का हसून हसून लोळला. साहेबही हसला आणि शिक्का मारून गेला.

गर्दी पांगली तरी चितारी उन्हात चित्र काखेत धरून उभाच होता.

"आत या," मावशी म्हणाली. "चक्कर येऊन पडाल."

आत येऊन तो जाळ्यांच्या ढिगावर टेकला. दोस्त गेल्यापासून त्यानं इथं पाऊल टाकलं नव्हतं. जरा वेळानं त्यानं मान वर केली. दाराच्या चौकटीतून होड्या दिसत होत्या, त्यांच्यामागं खाडी, आणि खाडीपलीकडे शेतांचे बांध थेट टेकडीपर्यंत चढत गेलेले.

"वहिनी, इथून बंदर असं दिसतं?"

"मला रोज असंच दिसतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली, साहेबाकडचा उरलेला कागद गुडघ्यावर घेतला. बऱ्याच वेळानं मावशीनं वाकून बघितलं. होड्या होत्या, पाणी होतं, शेतं होती. एकही वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती.

"अहो, ह्यातही माझं खोपट नाहीच!"

"कसं असेल? खोपटात बसूनच काढतोय ना."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं फाटक्या जाळ्याची एक कड उचलून त्याच्या डाव्या हातात दिली.

"ही ताणून धरा मग. इथं बसणाऱ्याला रिकामं बसता येत नाही."