गाळात रुतलेला माझा पहिला मीटर

मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे, मित्रांनो. पुलाच्या खांबाला टेकून नदीचं पाणी मोजते. लोहाराने मला घडवलं, रंगाऱ्याने अंगावर शून्यापासून दहा मीटरपर्यंतचे आकडे काढले. तीस वर्षं मोजणीवाले काका रोज सकाळी माझ्यापुढे वाकले. एवढे ते साहेबांपुढेही वाकत नसत. पाणी आठला टेकलं, की खालची वस्ती उठायची. माझा शब्द तो शब्द.

मग पुलाखाली ती पांढरी पेटी आली. पाण्याला न शिवता पाणी मोजणारी. तिचा आकडा वरच्या धरणाला, शहराला आणि खालच्या वस्तीला एकाच वेळी कळे. दरवाजे किती उघडायचे, माणसं कधी हलवायची, सगळं तिच्यावरून ठरू लागलं. लोक तिचे फोटो काढत. त्यात मी आले तर अर्धीच. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट व्हायचा. पारव्यांनी तिला घाण केलं, की मला बरं वाटे.

साहेब पाहणीला येणार म्हणून मलाही रंग मिळाला. पण माझा खालचा एक मीटर गाळात होता. रंगाऱ्याने गाळ उपसायचा कंटाळा केला आणि गाळाच्या वरच शून्य काढलं. मी नटले, आणि मीटरभर खोटी झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आधी पूर आला. पेटी म्हणाली आठ, मी म्हणाले सात. धरणाने दरवाजे आवरते घेतले, शहराने भोंगा वाजवला, पण खालची वस्ती हलेना. काकांची थोरली बहीण तिथलीच. तिने फोनवर भावाला सुनावलं, "त्या डबड्याचं ऐकून घर सोडू? पट्टी काय म्हणते ते सांग."

मित्रांनो, मी फुलून गेले. तेवढा वेळ मला पूरही दिसेना.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काठावरच्या पंपघराकडे. पंपघराचा उंबरठा भिजला की आठ, हे त्यांचं जुनं गणित. उंबरठा बुडत होता.

"ताई, पट्टी चुकतेय. पेटीचं बरोबर आहे. सगळ्यांना घेऊन आत्ता नीघ."

ताई निघाली, मागोमाग वस्ती निघाली. तासाभरात तिच्या ओट्यावर पाणी होतं.

आता माझा गाळ उपसलाय, आकडे जागेवर आलेत. काका रोज माझा आकडा पेटीशी ताडून पाहतात. मित्रांनो, आम्हाला रंग नाही दिलात तरी चालेल, पण पायाशी गाळ साचू देऊ नका. आणि दोघींपैकी एकीवरच विसंबू नका.

परवा ताई पुलावर आली होती. आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोजलं. पेटीकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं.